टाईन नदीवरील हाय लेव्हल पूल

लोखंड म्हटले की सामान्य माणसास ते सर्व एकच वाटते. परंतु ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाता व ऐरण चालत आली, त्या आपल्या समाजबांधवांस बीड आणि घडीव लोखंड यांतील भेद सांगावयास नको. बीड दाबाचा भार मुकाट्याने पेलते, पण ताण पडताच इशारा न देता तडकते. घडीव लोखंड ताण सोसते आणि हार खाण्यापूर्वी वाकून सूचना देते. या भेदाचे महत्त्व पटवून देणारा एक पूल उत्तर इंग्लंडात टाईन नदीवर 1849 पासून उभा आहे. त्याचा वृत्तांत येथे संक्षेपाने देत आहे.

न्यूकॅसल व गेट्सहेड ही शहरे टाईनच्या खोल दरीच्या दोन काठांवर वसलेली आहेत. दक्षिणेकडून येणारी रेल्वे दरीपाशी येऊन अडे. हे अंतर जोडण्याचे काम सुप्रसिद्ध जॉर्ज स्टीफन्सन यांचे चिरंजीव रॉबर्ट यांनी अंगावर घेतले; टॉमस हॅरिसन हे त्यांचे सहकारी होते. 1846 च्या ऑक्टोबरात पाया घालण्यास प्रारंभ झाला. नदीच्या तळात लाकडी सोट ठोकण्यासाठी नॅस्मिथ यांचा वाफेचा घण आणला गेला. पहिला सोट अवघ्या चार मिनिटांत सुमारे 32 फूट खोल गेला, अशी नोंद आहे. या सोटांवर दगडी खांब उभे राहिले.

काम चालू असतानाच 24 मे 1847 रोजी चेस्टर येथे डी नदीवरील पूल आगगाडीखाली मोडला आणि पाच माणसे दगावली. तो पूलही स्टीफन्सन यांचाच होता. त्याच्या तुळया बिडाच्या होत्या. घडीव लोखंडाच्या पट्ट्या त्यांस जोडल्या होत्या खऱ्या, परंतु तुळईच्या खालच्या अंगाचा ताण बिडावरच पडत राहिला. या अपघातानंतर सरकारने रेल्वेच्या कामांतील लोखंडाच्या वापराची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला.

टाईनवरील पुलाची रचना मात्र निराळी होती. नदीवर प्रत्येकी 125 फुटांचे सहा गाळे आहेत. प्रत्येक गाळ्यास बिडाच्या चार कमानी असून त्यांची टोके घडीव लोखंडाच्या पट्ट्यांनी बांधलेली आहेत. ताणलेल्या धनुष्याची ही तऱ्हा होय. भाराने कमान बाहेर पसरू पाहते, दोरी तिला आवरून धरते. त्यामुळे बिडावर दाब येतो, घडीव लोखंडावर ताण, आणि दगडी खांबांस केवळ उभा भार वाहावा लागतो. वरून आगगाडी जाते, खाली टांगलेल्या तळावर रस्ता आहे.

28 सप्टेंबर 1849 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. या वैभवासाठी दोन्ही काठांवरील शेकडो गरीब कुटुंबांची घरे पाडावी लागली, हेही विसरता येत नाही.

महाराष्ट्राशीही या कथेचा एक धागा जुळतो. बोरीबंदर ते ठाणे ही लोहमार्गाची पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. त्या मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याच हाताखाली तयार झालेले होते.

1906 मध्ये शेजारी दुसरा रेल्वेपूल झाल्याने जुन्या पुलावरील भार हलका झाला. पुढे दुरुस्तीसाठी रस्ता 2005 पासून बंद राहिला व 2008 मध्ये बस, टॅक्सी व पादचारी यांच्यासाठी खुला झाला. ज्या बिडावर डी नदीकाठी दोष आला, तेच बीड टाईनवर दीडशेहून अधिक वर्षे भार वाहत आले आहे. दोष धातूचा नव्हता, त्याच्या स्वभावाविरुद्ध काम सोपविण्याचा होता. कारागिराचे पहिले ज्ञान हेच, की कोणता माल कोणत्या कामास लावावा. हे ज्ञान आपल्या वाडवडिलांनी हातांत जपले. पुढील पिढीने त्यास गणित व अभियांत्रिकी विद्येची जोड द्यावी, एवढीच विनंती.