तीन चाकं, वाळू आणि माळरान : एका बंद झालेल्या गाडीची गोष्ट



कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. चौदा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील दवाखान्यात आले. काकाची तीनचाकी मालगाडी पोराने शेतातून रस्त्यावर काढली आणि बांधाचा उतार उतरताना वळवली. गाडी आडवी झाली. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पायावर गाडीचा भार आला. पाय वाचला, हे नशीब. वडील मला म्हणाले, "डॉक्टर, मोटरसायकल आम्ही त्याला देतच नाही. ही तर तीन चाकाची, आपली आपण उभी राहती. पडंल कशी?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो आईबापांना पडला होता. त्याचं उत्तर शोधताना तिथे एका गाडीची विक्रीच थांबवावी लागली. आज तो इतिहास सांगतो, कारण तो आपल्या शिवाराला लागू पडतो.

तीन चाकं आली कुठून?

तीन चाकांची कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेली मोटारगाडी तीनचाकीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पिआज्जिओ कंपनीने स्कूटरवरून छोटी मालवाहू तीनचाकी केली आणि तिला 'आपे' म्हणजे मधमाशी असं नाव दिलं. तीच आपली 'ॲपे'. आज ती बारामतीच्या कारखान्यात तयार होते. त्याआधी पुण्यात फिरोदिया आणि बजाज यांच्या उद्योगांतून रिक्षा आणि टेम्पो आले. कुठल्याही मालगाडीला आपण सर्रास 'टेम्पो' म्हणतो, तो शब्दसुद्धा मुळात एका जर्मन कंपनीच्या तीनचाकीचं नाव आहे.

या गाड्या रस्त्यासाठी होत्या. रस्ता नसलेल्या जागेसाठी तीनचाकी केली ती जपानच्या होंडाने. अमेरिकेतल्या त्यांच्या विक्रेत्यांची अडचण अशी की, हिवाळ्यात मोटरसायकली खपत नसत. बर्फावर, चिखलावर चालेल असं काहीतरी द्या, ही त्यांची मागणी. ओसामू ताकेउची नावाच्या अभियंत्याने वेगवेगळ्या संख्येची चाकं लावून पाहिली आणि शेवटी तीन चाकांवर थांबला. १९७० मध्ये ही गाडी अमेरिकेत विक्रीला आली. इंजिन जेमतेम ८९ सीसीचं, टायर मात्र फुग्यासारखे जाड आणि आत हवा अगदी कमी. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर' या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती झळकली आणि पोरासोरांना तिचं वेड लागलं.

वाळूवर वेगळी, दगडावर वेगळी

आता नीट लक्ष द्या. या गाडीला सुरुवातीला स्प्रिंग नव्हते, धक्के सोसायचं काम त्या फुग्यासारख्या टायरचंच. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असल्यामुळे दोन्ही सारख्याच वेगाने फिरायची. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. रिक्षात त्यासाठी वेगळी यंत्रणा असते. या गाडीत ती नव्हती.

मऊ वाळूवर हे चालून जायचं. आतलं चाक थोडं घसरायचं आणि गाडी वळायची. वाळूची पकड कमी असल्याने गाडी उलटण्याऐवजी सरकायची. हीच गाडी कडक, दगडगोट्यांच्या वाटेवर गेली की चाकं घसरत नाहीत. गाडी सरळच जाऊ पाहते, चालवणारा जोराने हॅंडल वळवतो आणि गाडी एका अंगावर उचलली जाते. त्यातच दगडावर आपटलेला टायर चेंडूसारखा उसळतो.

मग वाळू सुरक्षित का? तसंही नाही. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सावकाश चढते, पण पलीकडची एकदम खडी असते. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांच्या उतारावर टिकून राहते आणि त्याहून खडा उतार झाला की घसरते. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडचा उतार दिसतच नाही. चढताना जोर कमी पडला तर गाडी मागे उलटते. घाबरून चढावर आडवी वळवली तर लोळत खाली येते, आणि चालवणारा तिच्याखाली येऊ शकतो.

तीन दगडांची चूल

तीन चाकं उलटतात का, हे समजायला चूल आठवा. शेतात आपण तीन दगडांची चूल मांडतो. जमीन कितीही उंचसखल असली तरी ती डुगडुगत नाही, कारण तीन टेकू नेहमी जमिनीला टेकतात. चार पायांचं स्टूल तिथे डुगडुगेल. तीनचाकी स्थिर *वाटते*, त्याचं कारण हेच. खडबडीत वाटेवरसुद्धा तिची तिन्ही चाकं टेकलेली राहतात.

पण त्याच चुलीवर उंच, भरलेला हंडा ठेवा आणि एका दगडाच्या बाजूने नव्हे, तर दोन दगडांच्या मधल्या फटीकडे ढकला. तिथे आधारच नाही, हंडा लगेच कलंडेल. तीनचाकीचंही तसंच आहे. पुढचं चाक आणि मागचं एक चाक यांच्यामधली तिरकी बाजू ही ती फट. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढे येतो, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. त्याच वेळी वळण घेतलं की भार त्या फटीबाहेर जातो. टपावर पोती किंवा माणसं असतील तर हंडा आणखी उंच.

म्हणजे डुगडुगणं आणि उलटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार चाकं उलटण्याआधी डुगडुगून सूचना देतात. तीन चाकं बऱ्याचदा ती सूचना देत नाहीत.

दवाखान्यात काय दिसलं?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत या प्रकारच्या तीनचाकी आणि चारचाकी गाड्यांमुळे वर्षाला ८० हजारांहून जास्त जखमी रुग्णालयांच्या अपघात विभागात येत होते. त्यांत मुलांचं प्रमाण मोठं होतं. जखमांचे प्रकारही ठरलेले.

मोटरसायकलच्या सवयीने पाय खाली टेकवला की मागचं चाक त्याच पायावर चढायचं. उंचवट्यावरून गाडी आपटली की धक्का थेट मणक्यात जायचा आणि छाती व कंबर यांच्या सांध्याजवळचा मणका चेपायचा. पुढे फेकला गेला तर डोकं, मनगट आणि गळ्याजवळचं हाड. हॅंडल पोटात घुसलं तर पानथरी किंवा यकृत फाटायचं, आणि वरून मात्र जखम दिसायची नाही.

मुलांना धोका जास्त, कारण या गाडीचा तोल चालवणाऱ्याने आपलं अंग झुकवून सांभाळायचा असतो. मुलाचं वजन त्याला पुरत नाही आणि उताराचा अंदाजही त्याला नसतो.

शेवटी १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड झाली. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. मोठ्या इंजिनाच्या गाड्या १६ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असंही ठरलं. २००८ मध्ये तिथल्या कायद्यानेच अशा नव्या तीनचाकींवर बंदी आली. विकल्या गेलेल्या गाड्या मात्र परत घेतल्या गेल्या नाहीत. त्या गोठ्यांत, शेतांत राहिल्या आणि लोक त्या चालवत राहिले.

आणि आपल्याकडे?

बीड जिल्ह्यात वाळूच्या टेकड्या नाहीत. पण उत्तरेला गेवराई आणि माजलगावकडे गोदावरीचा काठ आहे. दरडीवरून पात्रातल्या वाळूत उतरणाऱ्या वाटा आहेत. दक्षिणेकडे पाटोदा, धारूर, अंबाजोगाई हा बालाघाटाचा डोंगराळ भाग आहे. घाट आहेत, मुरमाच्या पांदणी आहेत, शिवरस्ते आहेत. आपली रिक्षा किंवा ॲपे म्हणजे अमेरिकेतली ती खेळण्यातली गाडी नव्हे. तिला स्प्रिंग आहेत, वळायची यंत्रणा आहे. त्रिकोण मात्र तोच आहे.

अमेरिकेत ती गाडी हौसेची होती, म्हणून बंद करता आली. आपल्याकडे तीनचाकीवर घरं चालतात. वेचणीच्या बाया, शाळेची पोरं, कापसाची बोचकी, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, सगळं तिच्यातूनच जातं. ती बंद करा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो :

• उतारावर वळायचं असेल तर वेग आधी कमी करा. वळताना ब्रेक दाबू नका.
• बांध किंवा दरड सरळ चढा, सरळ उतरा. आडवी गाडी घालू नका.
• ओझं खाली आणि मागच्या चाकांजवळ ठेवा. टपावर माणसं नकोत.
• मुलाच्या हाती किल्ली देऊ नका, शेतातसुद्धा नाही.
• कोकणात सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरच्या चारचाकी बाईकवर लहान मुलाला एकट्याला बसवू नका. हेल्मेट मागून घ्या.

गाडी उलटलीच तर

आधी इंजिन बंद करा. गाडी चार-पाच जणांनी उचला, अडकलेल्याला ओढू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर त्याला उठवून बसवू नका. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा. १०८ ला फोन करा. पाणी, चहा देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

पोटाला मार लागला असेल तर "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका. पोट दुखणं किंवा कडक होणं, डाव्या खांद्यात दुखणं, चेहरा पांढरा पडणं, घाम, नाडी जलद होणं ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणं आहेत. अशा वेळी घरी थांबू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

त्या मुलाचं हाड जुळलं. शेवटच्या तपासणीला आले तेव्हा वडिलांना मी टेबलावर तीन औषधाच्या बाटल्या मांडून, त्यांवर पुस्तक ठेवून दाखवलं. मधल्या फटीकडे बोट लावल्याबरोबर पुस्तक पडलं. ते काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "किल्ली आता माझ्याच खिशात राहील."