मान वर केलेला सहावा मुलगा

गेल्या महिन्यात लंडनला असलेल्या नातीने वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या एका भल्यामोठ्या स्मारकाचा फोटो पाठवला. मधोमध नवरा-बायकोच्या आडव्या मूर्ती आणि दोन्ही बाजूंना चिलखत घातलेले सहा मुलगे गुडघे टेकून बसलेले. खाली तिचा प्रश्न : "आजोबा, पाचजण मान खाली घालून प्रार्थना करतायत. मग हा एकच वर का बघतोय?"

इतिहासाच्या मास्तराला असा प्रश्न विचारला की झोप उडते. तिला फोनवर थोडक्यात सांगितलं, पण समाधान झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हे स्मारक सर हेन्री नॉरिस आणि त्याची बायको मार्जरी यांचं. पण गोष्ट सुरू होते ती त्याच्या बापापासून. त्याचंही नाव हेन्री नॉरिसच. आठव्या हेन्री राजाच्या अगदी आतल्या गोटातला हा माणूस. 1526 पासून तो राजाच्या खाजगी दालनाचा प्रमुख सेवक होता. राजाच्या शौचविधीच्या वेळी हजर राहणं हे या पदाचं मूळ काम! वर्गात हे सांगितलं की पोरं तोंड दाबून हसायची. मग मी म्हणायचो, "हसू नका. ज्याला राजा एकांतात भेटतो, त्याच्या दारात मोठमोठे सरदार उभे असतात."

1 मे 1536 रोजी ग्रीनिचला भाल्यांचे खेळ चालू होते. राजा अचानक उठला आणि नॉरिसला बरोबर घेऊन वेस्टमिन्स्टरकडे निघाला. वाटेत त्याने सांगितलं, राणी ॲन बुलिनशी तुझे संबंध होते हे कबूल कर, तुला माफी देतो. नॉरिसने कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. 17 मे रोजी राणीचा भाऊ आणि आणखी तिघांबरोबर त्याचं डोकं उडवलं गेलं आणि 19 मे रोजी राणीचं. त्या आरोपांवर आज फारच थोडे इतिहासकार विश्वास ठेवतात.

वर्षानुवर्षं मी हा धडा "आठव्या हेन्रीच्या सहा राण्या" असा मोजून शिकवला. त्या पाच पुरुषांच्या घरी काय झालं असेल हे मनातही आलं नाही. नॉरिसची बायको आधीच वारली होती. मुलगा दहा-अकरा वर्षांचा. आता बापही गेला, तोही राजद्रोही म्हणून. आणि तिकडे राजवाड्यात आईवेगळी झालेली एक मुलगी होती, तीन वर्षंही पूर्ण न झालेली. तिचं नाव एलिझाबेथ.

एकाच खटल्याने ही दोन पोरं पोरकी केली. पुढे त्यांची गाठ पडली.

नॉरिसचा मुलगा मोठा झाला, जप्त झालेल्या मालमत्तेपैकी बरीचशी त्याला परत मिळाली. त्याचं लग्न झालं लॉर्ड विल्यम्स यांच्या मुलीशी, म्हणजे मार्जरीशी. 1554 मध्ये एलिझाबेथला तिच्या सावत्र बहिणीने, मेरी राणीने कैदेत टाकलं. टॉवरमधून वुडस्टॉकला नेताना तिचा एक मुक्काम ऑक्सफर्डशायरमधल्या रायकोट इथे, या विल्यम्स यांच्या घरी झाला. कैद्याला द्यावी तशी वागणूक न देता त्यांनी तिचा पाहुणचार केला. एलिझाबेथ हे विसरली नाही.

1558 मध्ये ती राणी झाली. 1566 मध्ये रायकोटला आली तेव्हा तिने हेन्रीला 'सर' केलं, नंतर फ्रान्समध्ये वकील म्हणून पाठवलं आणि 1572 मध्ये लॉर्ड केलं. त्याचा बाप तिच्या आईवर खोटा आळ न घेता मेला, याची जाण या कृपेमागे होती असं मानलं जातं. मार्जरी तर तिची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या काळसर वर्णावरून राणी तिला लाडाने 'कावळा' म्हणायची. आपल्याकडे कावळा म्हटलं की पिंडच आठवतो. पुढचं वाचताना मलाही तोच आठवत राहिला.

कारण राजाची कृपा फुकट नसते. या घरचे सहाही मुलगे राणीच्या लढायांत उतरले. 1592 मध्ये राणी पुन्हा रायकोटला आली, तेव्हा मुलगे मोहिमांवर असल्याने त्यांच्या नावाने तिला नजराणे दिले गेले. आयर्लंडहून सोन्याचा छोटा भाला, फ्लँडर्सहून सोन्याची किल्ली. केवढा अभिमान वाटला असेल आईबापांना! पण थोरला विल्यम 1579 मध्येच आयर्लंडमध्ये वारला होता. 1593 मध्ये मॅक्सिमिलियन ब्रिटनीत पडला. 1597 मध्ये जॉन गेला, त्या काळातला इंग्लंडचा नावाजलेला सेनानी.

जॉन गेल्यावर राणीने मार्जरीला पत्र लिहिलं. सुरुवात 'माझ्या कावळ्या' अशी. आशय असा, की ज्याने काही परत मिळणार नाही अशा शोकाने स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, नवऱ्याला धीर दे. आईला मुलाचं जेवढं दुःख, तेवढंच मलाही अशा सेवकाचं आहे.

हे पत्र वाचून मी थांबलो. माझा थोरला भाऊ 1971 च्या लढाईत गेला. त्याच्या साहेबांचं पत्र आलं होतं, इंग्रजीत. मी तेव्हा बी. ए. करत होतो. ते मीच आईला मराठीत सांगितलं. शौर्य, कर्तव्य, पलटणीचं दुःख, सगळं. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. आईने ऐकून घेतलं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि विचारलं, "तू कुठं जाणार नाहीस ना?"

मार्जरीने हा प्रश्न कुणाला विचारला असेल? 1599 च्या ऑगस्टमध्ये थॉमस आणि हेन्री हे दोघे भाऊ आयर्लंडमध्ये जखमांनी गेले. राणीने पुन्हा सांत्वनाचं पत्र लिहिलं. पण या वेळी तिने आणखी एक गोष्ट केली. उरलेला मुलगा एडवर्ड ऑस्टेंडचा गव्हर्नर होता. त्याला तिने घरी, आईबापांजवळ यायला बोलावून घेतलं. मला विचाराल तर दोन्ही पत्रांपेक्षा हे मोठं. त्याच वर्षी मार्जरी गेली, 1601 मध्ये लॉर्ड नॉरिस. लॉर्डपद विल्यमच्या मुलाकडे, म्हणजे नातवाकडे गेलं.

तर बाळे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मान वर केलेला तो एडवर्ड. आईबापांच्या पश्चात तो एकटाच उरला होता, म्हणून शिल्पकाराने त्याला तसा दाखवला.

हे झालं पुस्तकी उत्तर. पण एवढ्या घरातून एकटा उरलेला माणूस असा सहज मान वर करून बसू शकतो, हे मला पटत नाही. मी आईला दिलेला शब्द पाळला, जन्मभर तालुक्याच्या शाळेत शिकवलं. तक्रार नाही. तरी घरातल्या त्या हार घातलेल्या फोटोसमोरून जाताना माझी मान अजून खालीच असते.

असो. पुन्हा तिकडे जाणं झालं तर एडवर्डचा जवळून एक फोटो काढून पाठव.