अहमदाबादची कोरणी आणि जागतिक प्रदर्शने

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा भव्य महाल उभा राहिला आणि सुमारे साठ लाख प्रेक्षकांनी तेथे जगभरची कारागिरी पाहिली. हिंदुस्थानचे दालन ईस्ट इंडिया कंपनीने मांडले होते. तेथील वस्त्रे व जडावकाम पाहून ओवेन जोन्ससारखा जाणकार भारावला. १८५६ च्या आपल्या अलंकरणविषयक ग्रंथात त्याने भारतीय नक्षीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. कौतुक आपल्या कलेचे झाले, मांडणीचा अधिकार मात्र परक्यांकडे राहिला.

१८८६ च्या लंडनमधील वसाहत व हिंदी प्रदर्शनात ही विसंगती अधिकच उघड झाली. जयपूरसाठी शेखावाटीच्या सुतारांनी लाकडी महाद्वार कोरले. आराखडा इंग्रज अधिकाऱ्यांचा होता. प्रेक्षकांसमोर काम करण्यासाठी चौतीस ‘पिढीजात कारागीर’ नेण्यात आले. त्यांतील अनेकजण वस्तुतः आग्र्याच्या तुरुंगात हा हुन्नर शिकलेले बंदिवान होते! इंग्लंडला काळाच्या प्रवाहाबाहेरचा हिंदुस्थान पाहायचा होता. तो असा घडवण्यात आला.

या पार्श्वभूमीवर अहमदाबादचे श्रेष्ठी मगनभाई हठीसिंग यांचा उद्योग लक्षणीय ठरतो. १८४८ साली पूर्ण झालेले श्री धर्मनाथ भगवंतांचे जिनालय ही या जैन घराण्याची कीर्ती. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांच्या निधनानंतर हरकुंवर शेठाणींनी ते कार्य तडीस नेले होते. मगनभाईंनी १८८१ साली अमेरिकन सजावटकार लॉकवुड डी फॉरेस्ट यांच्यासह लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. स्थानिक मिस्त्रींच्या हातची सागवानी कोरणी व पितळी जाळ्या न्यूयॉर्कला जाऊ लागल्या. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या वाड्यातील सागवानी दालन डी फॉरेस्ट यांनीच सजवले. येथे निदान मालकीत एक भारतीय नाव होते, आणि कारागिरांना आपल्याच गावी, आपल्याच हुन्नरावर काम मिळत होते. नमुने निवडताना मात्र अमेरिकेतील गिऱ्हाइकाची आवड पाहिली जाई, हेही नाकारता येत नाही.

डी फॉरेस्ट बंधूंनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला एक अपूर्व वस्तू दिली : पाटण येथील वाडी पार्श्वनाथ जिनालयाच्या सभामंडपाचा सागवानी घुमट. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या चरणातील हे काम. वादक, नर्तकी आणि अष्टदिक्पाल त्यावर कोरलेले आहेत; मूळ रंगाच्या खुणाही काही ठिकाणी टिकून आहेत. ज्या मंडपात श्रावक भक्तिभावाने एकत्र जमत, त्याच्या छताखाली आता तिकीट काढून आलेले प्रेक्षक मान उंचावून उभे राहतात.