वर्गणीची थकबाकी, वकिलांची (नांदेड व लातूर जिल्हे)

वकिलाने व्यावसायिक वर्गणी मुदतीत न भरल्यास उद्भवणारे परिणाम. वर्गणी दोन ठिकाणी भरावी लागते : राज्य बार कौन्सिलकडे आणि स्थानिक वकील संघाकडे. पहिलीचा संबंध सनदेशी आहे, दुसरीचा संघाच्या सभासदत्वाशी. या दोहोंत गल्लत करू नये.

पार्श्वभूमी : हा प्रदेश पूर्वी हैदराबाद राज्यात होता, 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो मुंबई राज्यात आला. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला. दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. येथील वकिलांची नोंद मात्र मुंबईस्थित महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या पटावर असते.

निलंबनाची पद्धत : बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 40 नुसार प्रत्येक वकिलाने दर तिसऱ्या वर्षी ठरावीक रक्कम भरावयाची असते, एकरकमी आजीवन भरण्याचीही मुभा आहे. रक्कम न भरल्यास नियम 42 लागू होतो. राज्य कौन्सिलचा सचिव कारणे दाखवा नोटीस काढतो आणि उत्तरासाठी एक महिना देतो. त्या मुदतीत थकबाकी आणि दरमहा 5 रुपये, कमाल 30 रुपये विलंबशुल्क भरल्यास कारवाई थांबते. पैसे न भरल्यास किंवा पुरेसे कारण न दाखविल्यास तीन सदस्यांची समिती वकिली करण्याचा अधिकार निलंबित करू शकते. त्यानंतरही थकबाकी व 50 रुपये विलंबशुल्क भरून कौन्सिलचे प्रमाणपत्र घेतले की निलंबन संपते. म्हणजेच सनद कायमची जात नाही. गैरवर्तनाबद्दलची अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 खालील शिक्षा ही वेगळी बाब आहे.

मताधिकार : नियम 40 ची रक्कम थकविणाऱ्याचे नाव राज्य कौन्सिलच्या मतदारयादीत येत नाही. कौन्सिलवर 25 सदस्य निवडून जातात.

नोंदणी शुल्क : हे नियतकालिक वर्गणीपेक्षा वेगळे. त्याच अधिनियमाच्या कलम 24 नुसार एकूण 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. त्याहून अधिक आकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार प्रकरणात दिला.

कल्याण निधी : महाराष्ट्र अधिवक्ता कल्याण निधी अधिनियम, 1981. या निधीचे सभासदत्व स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

वकील संघ : संघाची वर्गणी थकल्यास परिणाम संघाच्या घटनेवर अवलंबून असतो, सहसा सभासदत्व आणि संघाच्या निवडणुकीतील मत धोक्यात येते. उदगीर, निलंगा, देगलूर, बिलोली अशा तालुक्यांच्या ठिकाणी काम करणाऱ्या नवोदित वकिलालाही हेच लागू होते. केवळ या थकबाकीमुळे सनदेला बाध येत नाही.

सूचना : नोटीस मिळताच एका महिन्याच्या आत रक्कम भरावी व पावती जपून ठेवावी. निलंबनाचा आदेश झालाच असेल, तर कौन्सिलचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही पक्षकाराचे वकीलपत्र दाखल करू नये.