परदेशांतील एका विद्याभ्यासाचा जमाखर्च

परदेशीं जाऊन विद्या संपादन केलेल्या पुरुषांचीं चरित्रें लिहितांना पदव्या व सन यांची नोंद काळजीपूर्वक केली जाते. परंतु त्यासाठीं लागलेला पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला व केव्हां संपला, या गोष्टी बहुधा तळटीपेंत राहतात. वास्तविक अभ्यासाचा क्रम पुष्कळदां या जमाखर्चानेंच ठरविलेला असतो. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या १९१३ ते १९२३ या दहा वर्षांचा या दृष्टीनें विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांनाच त्यांस श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांजकडून दरमहा २५ रुपयांचें साहाय्य होतें. १९१३ च्या फेब्रुवारींत वडील वारले. त्याच वर्षीं ४ जून रोजीं बडोदें संस्थानच्या शिक्षणखात्याच्या उपमंत्र्यांसमोर त्यांनीं करारपत्रावर सही केली. ठरविलेल्या विषयांचा अभ्यास करावा व तो संपल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, अशी त्यांतील अट होती. शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. तेव्हांचा भाव पौंडास १५ रुपये. म्हणजे दरमहा १७२॥ रुपये आणि तीन वर्षांचे मिळून ४१४ पौंड, अर्थात् ६,२१० रुपये. अमेरिकेच्या नाण्यांत महिन्याचे सुमारें ५६ डॉलर होत. एवढ्यांत न्यूयॉर्कसारख्या शहरीं राहणें, जेवण व ग्रंथखरेदी भागवावयाची होती. तरीही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनीं सुमारें दोन हजार ग्रंथ जमविले, असें चरित्रकार सांगतात.

१९१५ मध्यें कोलंबिया विश्वविद्यालयाची एम्. ए. पदवी मिळाली. १९१६ मध्यें ते लंडनला गेले व तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयांत आणि ग्रेज इन येथें दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्यानें १९१७ मध्यें त्यांस परत यावें लागलें. येथें एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. निघण्यापूर्वीं त्यांनीं विद्यालयाकडून, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत पुन्हां येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली. पैसा संपला, पण हक्क राखून ठेविला. परतीच्या प्रवासांत निराळ्या जहाजानें पाठविलेलें सामान शत्रूच्या पाणतीरानें बुडालें. त्याची भरपाई ६०० रुपये आली, व त्या रकमेंतून बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला. तेथें अस्पृश्यतेमुळें राहावयास जागा मिळेना. पारशी खानावळींतूनही बाहेर पडावें लागलें. करारांतील दहा वर्षांची नोकरी अशा रीतीनें अल्पावधींतच आटोपली. कागदावर अट स्पष्ट होती. ती पाळण्याजोगी परिस्थिति मात्र गांवांत नव्हती.

पुढील पैसा स्वतःच्या मिळकतींतून उभा करणें प्राप्त झालें. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम कॉलेजांत ४५० रुपये दरमहाची अध्यापकी केली. सोळा महिन्यांचें वेतन ७,२०० रुपये होतें. त्यांतून संसार चालवून जी शिल्लक पडली तीस कोल्हापूरच्या श्रीशाहू छत्रपतींचें साहाय्य व नवल भथेना या मित्राचें ५,००० रुपयांचें कर्ज जोडून ते १९२० मध्यें पुन्हां लंडनला गेले. हें कर्ज म्हणजे अकरा महिन्यांच्या पगाराची रक्कम होती. काटकसरीची कमाल त्यामागें दिसते ती यामुळेंच. दिवस ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत व जेवण नांवापुरतें.

यांत हुंडणावळीच्या भावाकडे लक्ष देणें अवश्य आहे. १९२० च्या आरंभीं रुपयास दोन शिलिंगांहून अधिक भाव होता. १९२१ मध्यें तो एक शिलिंग चार पेन्सांच्या आसपास उतरला. दोन शिलिंगांच्या भावानें ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. उतरलेल्या भावानें ३३३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. म्हणजे ऋण रुपयांत तेवढेंच, पण विद्यार्थ्याच्या हातीं पडणारें धन तिसऱ्या हिश्शानें कमी. म्हणून अशा प्रकरणांत रकमेबरोबर हुंडीची तारीख पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. ज्या विद्यार्थ्याच्या भोंवतीं ही उलथापालथ चालली होती, त्यानेंच ‘रुपयाचा प्रश्न’ हा विषय डॉक्टरच्या पदवीसाठीं घेतला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१९२१ मध्यें एम्. एस्सी. झाली, १९२२ मध्यें बॅरिस्टरी व प्रबंधाचें सादरीकरण झालें. परीक्षकांनीं प्रबंध सुधारून मागितला, तेव्हां लंडनांत राहण्यास द्रव्य उरलें नव्हतें. एप्रिल १९२३ मध्यें मुंबईस येऊन त्यांनीं तो येथूनच पुरा करून पाठविला व त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी पदरांत पडली.

१९२५ मध्यें छापलेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनीं सयाजीराव महाराजांस, शिक्षणाच्या कामीं केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. कराराची अट सुटली, पण उपकाराची जाणीव छापील अक्षरांत राहिली. याकरितां पदवीपत्रांइतकेंच करारनामे, हुंड्या, पावत्या व कर्जाचीं पत्रें हीं संग्राहकांनीं जपलीं पाहिजेत. कोणत्या घरच्या दप्तरांत असा कागद रद्दी म्हणून पडला असेल, तर तो तारखेसह नोंदवून ठेवावा. विद्येचा खरा इतिहास त्यांतूनच वाचतां येतो.