वाचता वाचता गाळलेली गोष्ट

मुलांना गोष्ट सांगताना तिच्यातला काही भाग गाळण्याची रीत छापील पुस्तकापेक्षा जुनी आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिऊच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. बाळाची अंघोळ, पावडर, काजळ अशी कारणे सांगत चिऊ दार उघडायला उशीर करते. काही घरांत पुढे काऊ तापल्या तव्यावर बसून भाजतो. काही घरांत दार उघडले की गोष्ट संपते. तव्याचा शेवट सांगायचा की नाही, हे समोरच्या मुलाकडे पाहून आजी ठरवते.

पोथीची गोष्ट वेगळी होती. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ (1702), ‘रामविजय’ (1703) आणि ‘पांडवप्रताप’ (1712) हे ग्रंथ चातुर्मासात घरोघर वाचले जात. सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही, असा संकेत असल्याने ओव्या गाळता येत नसत. मोकळीक उरे ती अर्थ सांगताना. पोरेसोरे बसलेली असली, तर अवघड प्रसंग एका वाक्यात आटोपता येई.

छपाईने मजकूर पक्का केला आणि गाळण्याचे काम लेखक-संपादकांकडेही आले. ‘पंचतंत्र’ राजपुत्रांच्या शिक्षणासाठी रचले गेले, अशी त्याचीच प्रस्तावना सांगते. तरी त्यात व्यभिचाराच्या कथा आहेत आणि मुलांसाठीच्या आवृत्त्यांत त्या सहसा नसतात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘इसापनीतिकथा’ 1828 साली निघाल्या. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक 1881 मध्ये, तर वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 मध्ये सुरू झाले. मुलांसमोर काय ठेवायचे, याची निवड आता आधीच होऊन घरात येऊ लागली. इंग्लंडमध्ये थॉमस बाउडलरने 1818 साली शेक्सपिअरची काटछाट केलेली कौटुंबिक आवृत्ती काढली, तिचे मूळही घरातच होते: त्याचे वडील मुलांना नाटके वाचून दाखवताना नको तो भाग बेमालूम गाळत.

तरी घरातली कात्री थांबली नाही. ‘श्यामची आई’ (1935) बेचाळीस रात्रींत सांगितलेली आहे. अगदी लहान मुलांना वाचून दाखवणारे पुष्कळजण आईच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या शेवटच्या रात्री पुढे कधीतरी वाचू म्हणून राखून ठेवतात. यात भित्रेपणा नाही. मूल कोणत्या वयात किती दुःख पेलेल, याचा तो घरचा अंदाज असतो.

नंदुरबार जिल्ह्यात या रिवाजाला भाषेची बाजू आहे. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी किंवा गुजरी आणि शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी, असे अनेक मुलांचे असते. आदिवासींची देवी याहामोगी आणि राजा पांठा यांच्या कथा सातपुड्यात पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आल्या. त्यांना पक्का मजकूर नव्हता, म्हणून त्यात गाळणे हा सांगण्याचाच भाग होता. छापील मराठी मोठ्याने वाचताना मात्र आधी शब्द बदलावे लागतात. अहिराणी घरात पुस्तकातला ‘मुलगा’ ऐकणाऱ्यापर्यंत ‘पोऱ्या’ किंवा ‘आंडोर’ होऊन पोचतो आणि बोलीत न बसणारे वाक्य सुटून जाते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदा खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांनी पावरी-भिलोरीला वर्गात जागा दिली, तेव्हा हे अंतर थोडे कमी झाले.

2011 मध्ये जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. त्यामुळे बऱ्याच घरांत वाचणारे मूल असते आणि ऐकणारे आई-बाप. काय वाचायचे आणि काय गाळायचे, हे तिथे मूलच ठरवते.