घराण्यातली साखर

श्रीरामपुरात कुणाला मधुमेह निघाला की डॉक्टरांनी विचारायच्या आधीच पेशंट सांगून टाकतो, "आमच्या घराण्यातच शुगर आहे." वडिलांना होती, आत्याला होती, आता आपला नंबर. उसाच्या तालुक्यात हे ऐकून थोडं हसू येतं, कारण इथली कितीतरी घराणी साखरेनंच उभी केली. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या पाटाला भरवशाचं पाणी आलं, त्याच काळात हरेगावात बेलापूर कंपनीचा कारखाना धूर ओकू लागला. १९५० मध्ये शेजारी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू केला आणि या भागाचं नशीब पालटलं. पण रक्तातल्या साखरेचं मूळ उसाच्या फडात सापडत नाही. 'घराण्यात आहे' हे उत्तरही अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांनी दिलं. ते कसं मिळालं, त्याची ही कुळकथा.

तिची सुरुवात मात्र परदेशात होते. १९६२ साली जेम्स नील या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाला एक प्रश्न पडला: मधुमेह इतका घातक आहे, तर त्याची जनुकं पिढ्यानपिढ्या टिकली कशी? त्याचं उत्तर असं, की दुष्काळात हीच जनुकं उपयोगी पडत असणार. मिळालेला घास अंगात साठवून ठेवणारा माणूस उपासमारीत तगतो. पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर अंगावर उलटते. नगर जिल्ह्यासारख्या, पावसानं वारंवार पाठ फिरवलेल्या मुलखाला ही कल्पना चटकन पटावी अशीच आहे. सारा दोष पूर्वजांवर ढकलून मोकळं होता येतं, हा तिचा आणखी एक गुण.

तीस वर्षांनी तिला इंग्लंडमधून आव्हान मिळालं. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका बाळांची वजनं वहीत टिपून ठेवत. संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या शोधून काढल्या, त्यातली बाळं आता साठी ओलांडलेली म्हातारी माणसं झाली होती, त्यांना गाठून तपासलं. जन्मताना जे लहानखुरे होते, त्यांच्यात मधुमेह जास्त निघाला. १९९२ मध्ये निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी मांडलं की काटकसर जनुकांतून येत नाही, ती पोटातच शिकली जाते. आईच्या पोटी अन्न कमी मिळालं की बाळ मेंदू वाचवतं आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाट्याचं कापतं. म्हातारपणीच्या आजाराचा पाया जन्माआधी घातला जातो, हे विधान तेव्हा अनेकांना वेडगळ वाटलं होतं.

आता पुण्याकडे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना रोज दिसत होतं ते इंग्रजी पाठ्यपुस्तकात बसत नव्हतं. तिथला मधुमेही जाडजूड आणि उतारवयाचा. इथला चाळिशीतला, कधी तिशीतला, आणि अंगानं रोडच. आपल्याकडे हा आजार युरोपीय लोकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे म्हातारपणाचा एक तुकडा कर्त्या वयातच येऊन बसतो.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत, साउदॅम्प्टनच्या बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्यानं, गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवण्याचं काम सुरू झालं. हे वाटतं तितकं सोपं नाही. परक्या माणसानं घरी येऊन सुनेची पाळी कधी आली हे विचारायचं, सासूनं ते विचारू द्यायचं, आणि बाळ जन्मल्यावर लगोलग टेप घेऊन पोचायचं! केईएमच्या बानू कोयाजी यांनी वढू परिसरात आरोग्याचं काम त्याआधी वीस वर्षं लावून धरलं होतं. अशी कामं त्यातून मिळालेल्या विश्वासावर होतात, निबंधात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकतो हा भाग वेगळा.

या बायका सरासरी बेचाळीस किलोच्या होत्या, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. इथवर नवल काही नाही. नवल चिमटा लावल्यावर कळलं. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमट धरून चरबी मोजतात. पुण्याचं बाळ दंडानं, पोटानं खूपच लहान होतं, पण पाठीवरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. स्नायू गेले, चरबी राहिली. दुसऱ्या एका अभ्यासात नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त सापडलं. याज्ञिकांनी अशा बाळाला 'थिन-फॅट' म्हटलं, वरून रोड आणि आतून स्निग्ध. 'थिन-फॅट'चा निबंध २००३ चा.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आलं, तेच अधिक गाजलं. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. स्वतःचंच पोट पुराव्याला लावणारा संशोधक मला आवडतो. वजनकाट्यावर विसंबून 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहून घ्यावेत.

मग बाळाला कमी पडलं ते काय? भाकरी कमी पडली, असं आपण म्हणू. पण आईच्या एकूण उष्मांकाशी बाळाच्या वजनाचा फारसा मेळ लागला नाही. मेळ लागला तो पालेभाजी, दूध आणि फळांशी. पुढे रक्त तपासलं तर निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी. ते दूध, अंडी, मांस यांतूनच मिळतं. शाकाहारी घरात दूधही विकायला जात असेल तर यायचं कुठून? २००८ मध्ये कळलं की ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वाधिक विरोध दिसतो. सरकारी योजनेतली लोह-फोलेटची गोळी आपण गरोदर बाईला न चुकता देतो, बी-१२ मात्र कुणी विचारत नाही. बी-१२ आणि फोलेट दोघं मिळून जनुकांवर मिथाइलच्या खुणा लावायला कच्चा माल पुरवतात, आणि कोणतं जनुक जागं ठेवायचं, कोणतं निजवायचं हे त्या खुणांवर ठरतं.

म्हणजे जनुकं निर्दोष सुटली असं नाही. २००७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले गिरिराज चांडक आणि पुण्याचा हाच गट यांनी मिळून दाखवलं की युरोपात मधुमेहाशी जोडलेलं टीसीएफ७एल२ हे जनुक भारतीयांतही तेच काम करतं. पण असल्या एकेका जनुकाचा भार थोडा असतो. योगायोग असा की याज्ञिकांनी सहा गावांत नोंदी सुरू केल्या त्याच १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत डाफ-२ नावाचं एकच जनुक बिघडवून त्याचं आयुष्य दुप्पट केलं. चार वर्षांनी उलगडलं, ते जनुक आपल्या इन्शुलिनच्या ग्राहीच्या जनुकाचंच भाऊबंद. इन्शुलिनची वाट आणि म्हातारपणाची वाट एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे तेव्हापासून प्रयोगशाळेत पक्कं झालं. फक्त आपल्याला जनुक बिघडवायची सोय नाही. आपल्या हाती ताट आहे.

इथं एक सावधगिरी. 'आईनं नीट खाल्लं नाही' असा या संशोधनाचा अर्थ लावून सुनेला धारेवर धरायला आपला समाज वेळ लावणार नाही. त्या बाईच्या ताटात शेवटी काय उरत होतं, ते तिनं ठरवलं नव्हतं. उसाच्या फडात कोपीत राहून मोळ्या वाहणारी गरोदर बाई हे तर आणखीच वेगळं प्रकरण.

२०१२ पासून याज्ञिकांच्या गटानं त्याच गावांतल्या, त्याच बाळांना, आता किशोरवयात आलेल्यांना, लग्नाआधीच बी-१२ च्या अगदी छोट्या गोळ्या देऊन पाहिलं. हेतू होता पुढची पिढी. मुलग्यांनाही दिल्या, हे मला विशेष योग्य वाटतं. सहा गावांतल्या या मुलांचं अठराव्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा जवळपास निम्मी मुलं कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर वाढलेली निघाली.

तेव्हा घरात बारावीला गेलेली, हडकुळी पोरं असतील तर त्यांची उपाशीपोटीची साखर आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. मुलीचं लग्न ठरण्याची वाट पाहू नका.